नळ गेल्यावर पाणी कोठे जाते?

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, नाही तर सीमाभागातील बोलीवर बोलेल, अशी अपेक्षा असते. मी पिण्याच्या पाण्याचा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांनी विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे नम्रपणे विचारले. चूक झालेली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर एका राज्यात व आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. तरीही पांढुर्णा आणि सौंसरच्या या मुलखात मराठी ग्रंथ वाचले जात राहिले, कारण वाचनालयांनी भाषेचा प्रवाह खंडित होऊ दिला नाही. आज मला जे सांगायचे आहे, तेही प्रवाहाबद्दलच आहे, आणि तो खंडित झाला असता काय होते याबद्दल आहे. भाषेच्या शिक्षकाने या विषयात शिरावे याला आणखी एक कारण आहे. या विषयातले अर्धे अज्ञान शब्दांच्या अभावामुळे टिकून राहिले आहे, असे मला वाटते.

आपण रोज दोन वाक्ये बोलतो: ‘नळ आले’ आणि ‘नळ गेले’. वस्तुतः नळ कोठेच जात नाहीत. ते भिंतीत रुतलेले असतात. जाते ते पाणी. पण पाणी गेले म्हणजे नेमके कोठे गेले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद झाला, नळाची धार बारीक झाली, शेवटी तोटीतून फुसफुस आवाज आला आणि पाणी थांबले, एवढे आपण पाहतो. तो फुसफुस आवाज मात्र कान देऊन ऐकण्यासारखा आहे. पुष्कळदा तो नळातून हवा बाहेर पडल्याचा नसतो. नळ हवा आत ओढून घेत असल्याचा असतो. वरच्या आळीतील तोटी उघडी आहे, खालच्या आळीतील तोटीही उघडी आहे, आणि मधल्या वाहिनीतले पाणी उताराने खालच्या घरी निघाले आहे. ते निघाले की मागे पोकळी होते. ती भरून काढण्यासाठी वरच्या तोटीतून जे मिळेल ते आत शिरते. तोटी मोकळ्या हवेत असेल तर हवा शिरते. तोटीला लावलेली रबरी नळी जर धुण्याच्या बादलीत, गुरांच्या टाक्यात वा नालीत पडलेली असेल, तर त्या ठिकाणचे पाणी शिरते. घरात आलेले पाणी वापरले जाऊन पुन्हा सार्वजनिक वाहिनीत जाते आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गुंडात उतरते.

अभियंते याला बॅकफ्लो म्हणतात. परतीचा पाऊस हा शब्दप्रयोग आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्याच धर्तीवर मी याला ‘परतीचे पाणी’ म्हणेन. वाचनालयातून घरी गेलेले पुस्तक परत आलेच पाहिजे, हा आपला शंभर वर्षांचा नियम आहे. जलवाहिनीचा नियम नेमका उलटा आहे. घरी गेलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत परत येता कामा नये.

परतीच्या पाण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण शोषणाचे. पिंपातून रॉकेल काढताना रबरी नळीचे एक टोक पिंपात बुडवून दुसऱ्या टोकाने थोडे ओढले की पुढे रॉकेल आपोआप वाहत राहते, हे माझ्या वयाच्या सर्वांनी पाहिले आहे. वाहिनीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला, की प्रत्येक बुडालेली नळी अशीच वागते. दुसरे कारण प्रतिदाबाचे. घरातला दाब वाहिनीतल्या दाबापेक्षा जास्त झाला, तर पाणी उलट ढकलले जाते. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतील पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका भार टाकते. वाहिनी रिकामी असेल आणि मध्ये कोणताही अडसर नसेल, तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी खाली उतरून वाहिनीत जायला वेळ लागत नाही. टाकीत कबुतराचे पीस असो वा मेलेला उंदीर असो, त्याचा अंश पाण्याबरोबर जाणारच. कारखान्यातील बॉयलर, बोअरचा पंप, मोटारी धुण्याचा पंप यांच्याबाबत हाच धोका अधिक जोराने संभवतो. आपल्याजवळ बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे. म्हणून हे दूरचे उदाहरण समजू नये.

हे सारे पुस्तकी वाटू नये, म्हणून घडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

१९३३ साली अमेरिकेत शिकागो येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरातून आलेले लोक तेथल्या हॉटेलांत उतरले आणि आपापल्या गावी परतल्यावर अमांशाने आजारी पडले. रुग्ण विखुरलेले असल्यामुळे साथ लक्षात यायलाच वेळ लागला. अखेर माग दोन हॉटेलांपर्यंत पोहोचला. तेथे जुन्या नळजोडणीत सांडपाण्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा संबंध जुळला होता. रुग्णांची संख्या १,४०९ आणि मृतांची ९८ नोंदली गेली. शहराचे पाणी शुद्ध होते. ते बिघडले इमारतीच्या आत.

दुसरी गोष्ट १९६९ ची, त्याच देशातील वुस्टर या गावच्या होली क्रॉस महाविद्यालयाची. फुटबॉल संघाच्या ९७ जणांपैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची बाधा झाली आणि त्या वर्षीचे उरलेले सर्व सामने रद्द करावे लागले. शोध घेता असे आढळले, की ऑगस्टअखेरीस एके दिवशी जवळपास आग लागली होती. अग्निशामक दलाने सार्वजनिक वाहिनीतून जोराने पाणी ओढले आणि परिसरातील दाब एकदम उतरला. मैदानाच्या कडेला जमिनीत खड्डे करून त्यांत नळाच्या तोट्या बसविलेल्या होत्या. त्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात शेजारच्या वस्तीतील मुले खेळत, आणि त्या मुलांत कावीळ होती. दाब उतरताच खड्ड्यातले पाणी नळात ओढले गेले, आणि खेळाडू तेच पाणी प्याले. जमिनीतील खड्ड्यात बसविलेला नळ, श्रोतेहो, आपल्याला नवा आहे का? पाणी वर चढत नाही म्हणून अंगणात हात-दोन हात खोल खड्डा करून त्यात तोटी बसविण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती, आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. पावसाळ्यात तो खड्डा भरतो, उन्हाळ्यात त्यात खरकटे साचते. तेथे वुस्टरला आग लागावी लागली, तेव्हा दाब गेला. आपल्याकडे त्यासाठी आग लागण्याची गरज नाही. येथे तो रोजच्या वेळापत्रकाने जातो.

तिसरी गोष्ट आपल्या देशाची आणि मोठ्या प्रमाणावरची आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीला यमुनेचे पात्र सरकल्यामुळे नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलट्या दिशेने वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. येथे नळ नव्हे, प्रवाहच परतला. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वर वा हगवण वाढली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीत सुमारे २९,३०० लोक काविळीने पिवळे पडले. जंतू मेले, विषाणू तगला. त्या साथीचे साठवून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या १९८० च्या अभ्यासाने दाखविले, की ही तोवर माहीत असलेली कावीळ नव्हतीच. आज तिला ‘ई’ प्रकारची कावीळ म्हणतात.

या काविळीबद्दल दोन गोष्टी सांगणे मला भाग आहे. पहिली अशी, की विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. त्यामुळे आजारी माणूस आदल्या दिवशीच्या उसाच्या रसाला दोष देतो. दीड महिन्यापूर्वीचे नळाचे पाणी त्याला आठवत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही कावीळ इतरांना बहुधा सोडून देते, परंतु शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्रीला झाली तर अशा बाधित स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आणि नालीतून गेलेला फुटका नळ यांचा संबंध आपल्या मनात जुळलेला नाही. तो जुळावा, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

आता आपल्या गावांकडे वळू. पाणी शुद्ध करणे म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत आहे. तुरटी, गाळणी, क्लोरीन या सर्व प्रक्रियांतून निघालेले पाणी टाकीत निर्दोष असते, हे मान्य. पण टाकीपासून तोटीपर्यंतचा प्रवास जमिनीखालून, नाल्यांच्या कडेने, कित्येकदा नालीच्या पोटातूनच होतो. घरजोडणी करणारा कारागीर खोदकाम वाचावे म्हणून नालीतून नळ नेतो. घरमालकही खर्च वाचला म्हणून खूश होतो. त्या नळाला सांध्यात बारीक फट पडली, की पाणी सुरू असताना त्यातून थेंब थेंब बाहेर गळते. त्याची कोणी फिकीर करीत नाही, कारण गळणारे पाणी नालीतच जाते. पण नळ गेले, की तीच फट आत येण्याची वाट होते. म्हणजे एक-दोन तास पाणी बाहेर गळते आणि उरलेल्या वेळात नालीतले पाणी आत झिरपते. दुसऱ्या दिवशीचे पहिले पाणी गढूळ आणि वासाचे का येते, याचे उत्तर येथे आहे.

त्यात भर पडते ती पंपाची. ज्याला आपल्याकडे कोणी टुल्लू तर कोणी टिल्लू म्हणतात, तो छोटा पंप थेट सरकारी नळाला लावला जातो. मला पाणी कमी मिळते म्हणून मी पंप लावतो. मी लावला म्हणून शेजाऱ्याला मिळत नाही, म्हणून तोही लावतो. पंप वाहिनीत पाणी निर्माण करीत नाही, तो ओढतो. ओढताना वाहिनीतला दाब हवेच्या दाबाहून खाली नेतो, आणि मग भर पाण्याच्या वेळी, चालू नळांत, आसपासच्या प्रत्येक फटीतून नालीचा अंश आत येतो. पंप लावणाऱ्याला वाटते की आपण शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी पळविले. त्याने पळविले ते पुष्कळदा शेजारच्या नालीचे असते, आणि ते त्याच्याच घरात येते.

२०२५ चा डिसेंबर संपता संपता आपल्याच राज्यात, इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत, नळाच्या दूषित पाण्याने माणसे दगावली. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्या जागी वर शौचालय बांधलेले होते, असे तपासणीत आढळले. जे शहर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे देशात पहिले येत राहिले, त्या शहरात हे घडले. रस्त्यावरची स्वच्छता डोळ्यांना दिसते. वाहिनीतली दिसत नाही. हाच तिचा धडा आहे.

पाणी रोज चोवीस तास का द्यावे, यावर पाणी वाया जाईल असा आक्षेप घेतला जातो. प्रश्न मात्र सोयीपुरता नाही. वाहिनीत सतत दाब असेल तर फटीतून पाणी बाहेर जाईल, पण घाण आत येणार नाही. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही भागांत सतत आणि उरलेल्या भागांत खंडित पुरवठा होता. दोन्हीकडील नळांच्या पाण्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू सतत पुरवठ्याच्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत आढळला. खंडित पुरवठ्याच्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की तेथेच पुढे झालेल्या अभ्यासात विषमज्वर कमी आढळला, तरी लहान मुलांच्या एकूण जुलाबांत मोठा फरक दिसला नाही. कारण जुलाबाच्या वाटा अनेक आहेत. हात, अन्न, माश्या, घरातला उघडा माठ. नळ सुधारला म्हणजे सर्व काही सुधारते, असे कोणी समजू नये. पण ही एक वाट आपण बंद करू शकतो, हे त्यातून सिद्ध होते. आपल्या पलीकडे नागपूरने धरमपेठेपासून या दिशेने प्रयोग सुरू केले. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. हे महानगरांनाच शक्य आहे, असा समज मलकापूरने खोटा ठरविला आहे.

पण ते होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे काय? नाही. परतीचे पाणी रोखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय कोणत्याही यंत्रात नाही. तो आहे मध्ये सोडलेल्या हवेत. तोटीचे तोंड आणि खालच्या भांड्यातील पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत मोकळे अंतर असले, की पाणी परत चढूच शकत नाही. पाण्याने हवेतून वर उडी मारल्याचे कोणी पाहिलेले नाही. हे अंतर तोटीच्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितीत एक इंचापेक्षा कमी नसावे, असा संकेत आहे. जुन्या कुंडांवरील गोमुखे आठवा. धार वरून पडते, कुंड भरले तरी गोमुख बुडत नाही. वरच्या झऱ्याचे निर्मळपण आणि खालच्या स्नानाचे पाणी यांच्यामध्ये हातभर हवा उभी असते.

आपल्या स्वयंपाकघरांनाही हे तत्त्व ठाऊक होते. माठात हात बुडवू नये, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे; तांब्याला ओठ न लावता वरून पाणी प्यावे; उष्टे भांडे रांजणात घालू नये. आपल्या आज्या हे कटाक्षाने पाळीत, आणि चुकणाऱ्या नातवाच्या हातावर चापटी मारीत. वरून पाणी पिणे म्हणजे ओठ आणि तांब्या यांत हवेचे अंतर राखणे. बादलीत बुडालेली रबरी नळी म्हणजे रांजणात बुडविलेले उष्टे भांडे, आणि ते रांजण साऱ्या गावाचे. ‘उष्टे’ हा एक शब्द परतीच्या पाण्याचा धोका जितका स्पष्ट सांगतो, तितका कोणताही इंग्रजी शब्द सांगत नाही.

परंतु या वारशाची दुसरी बाजू झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या समाजाने उष्ट्याचा एवढा विचार केला, त्यानेच माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते असेही मानले. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही त्या काळी बंडखोरी ठरली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी त्या तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण केले. शेण आणि गोमूत्र पाण्यात घालून पाणी शुद्ध झाले असे मानणारी माणसे अशिक्षित नव्हती. जे विटाळत नव्हते त्याचा विटाळ धरला, आणि जे खरोखर विटाळत होते त्याकडे डोळेझाक केली. आजही वस्तीच्या टोकाला, जिथे दाब सर्वांत कमी आणि नाल्या सर्वांत उघड्या असतात, तिथे कोण राहते ते पाहावे. वाहिनीच्या आरंभी राहणारा जे परत पाठवितो, ते शेवटच्या घरातील माणूस पितो. जलवाहिनीला जात कळत नाही. उतार तेवढा कळतो. म्हणून परतीचे पाणी हा आरोग्याइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

आता काही अगदी व्यावहारिक गोष्टी सांगतो. सभासदांनी त्या आपल्या घराशी ताडून पाहाव्यात.

नळाला लावलेली रबरी नळी बादलीत, पिंपात वा टाक्यात बुडालेली ठेवू नये. काम झाले की ती काढून गुंडाळून ठेवावी. आपला भाग संत्र्यांच्या बागांचा आहे. फवारणीचा ड्रम भरताना नळी औषधाच्या द्रावणात सोडून माणूस दुसऱ्या कामाला जातो. त्याच क्षणी पाणी गेले तर कीटकनाशक गावाच्या वाहिनीत जाईल, आणि त्यावर ना क्लोरीनचा उपाय, ना उकळण्याचा. २०१९ पासून जल जीवन मिशनखाली खेड्यांतही घरोघर नळ पोहोचू लागले आहेत. म्हणून आता हा धोका शेतापुरता राहिलेला नाही. ड्रम नेहमी वरून पडणाऱ्या धारेने भरावा, आणि औषध पाणी भरून झाल्यावर शेवटी घालावे.

पंप थेट वाहिनीला लावू नये. ज्याला वर पाणी चढवायचे असेल, त्याने आधी नळाचे पाणी जमिनीवरच्या वा जमिनीखालच्या टाक्यात पडू द्यावे आणि पंप त्या टाक्याला लावावा. टाक्याचे तोंड झाकलेले आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असावे. टाकीत येणारा नळ, टाकी भरून पाणी बाहेर वाहण्याची जी वाट, तिच्याही वर असावा.

बोअरचे पाणी आणि नळाचे पाणी एकाच पाईपाला जोडून मध्ये एक कॉक बसविण्याची पद्धत फार बोकाळली आहे. कॉक उघडा राहिला की बोअरच्या पंपाचा जोर गावाच्या वाहिनीवर पडतो. दोन्ही पाणी वेगवेगळ्या नळांनी टाकीत वरून पडावे. त्यांची गाठ पाईपात पडू नये.

खड्ड्यातील तोट्या वर आणाव्यात; खड्डे बुजवावेत. नालीतून गेलेली घरजोडणी बदलून घ्यावी. शौचालयातील हाताचा फवारा बादलीत सोडू नये. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नळाला अडकविलेली रबरी नळी सिंकमध्ये लोंबत असते. प्राचार्यांनी तिकडे एकदा जरूर पाहावे.

उलट प्रवाह अडविणारे व्हॉल्व्ह बाजारात मिळतात. कारागीर त्यांना एनआरव्ही म्हणतात. ते बसवावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. क्षारांचे पापुद्रे वा वाळूचा एक कण झडपेत अडकला, की ती पुरती मिटत नाही, आणि ती मिटली नाही हे बाहेरून दिसत नाही. रुग्णालये, कारखाने, मोटारी धुण्याची ठिकाणे येथे असे व्हॉल्व्ह ठरावीक मुदतीने तपासले गेले पाहिजेत. घरगुती वापरासाठी हवेचे अंतर हाच राजमार्ग आहे. त्याला किंमत पडत नाही आणि ते कधी बिघडत नाही.

पहिले काही वेळाचे पाणी पिण्यासाठी भरू नये. झाडांना, धुण्याला घ्यावे. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळून घ्यावे. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्दोष आहे असे समजू नये. डोळा हा पाण्याचा परीक्षक नव्हे.

नगरपालिकेकडूनही काही अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कर भरणाऱ्याला आहे. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीने एकमजली घरापाशी किमान सात मीटर, दुमजलीपाशी बारा मीटर इतका दाब असावा, असे सांगितले होते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी क्लोरीनचा अंश लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये. क्लोरीनचा अंश मोजणे अवघड नाही. ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते, आणि त्या छटेवरून मात्रा कळते. टाकीजवळ भरपूर क्लोरीन असून शेवटच्या घरात तो शून्य झाला, तर वाटेत कोठेतरी घाण शिरून त्याने तो खाऊन टाकला असण्याची दाट शक्यता असते. म्हणून चाचणी टाकीपाशी नव्हे, शेवटच्या घरी झाली पाहिजे.

येथे वाचनालयाचा संबंध येतो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालये मिळतील; पण नागरिकांना माहिती मिळण्याची जागा कोणती? वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी एक साधा फळा लावावा, आणि दर आठवड्याला गावाच्या दोन-तीन टोकांच्या घरांतील क्लोरीनची मात्रा त्यावर लिहावी. चाचणी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी करावी. जलवाहिन्या आणि नाल्या एकमेकींना कोठे छेदतात, याचा नकाशा नगरपालिकेकडून मिळवून वाचनकक्षात टांगावा. नळजोडणी करणाऱ्या कारागिरांना एक दिवस येथे सन्मानाने बोलवावे, आणि आज मी जे पुस्तकी भाषेत सांगितले, ते त्यांनी आपल्या हातांनी सभासदांना दाखवावे. ज्ञान कपाटात राहिले तर त्याला वाळवी लागते.

आणखी एक गोष्ट. कन्हान आपल्या भागातून पुढे नागपूरकडे जाते, आणि नागपूरला पाणी देणाऱ्या स्रोतांत तिचा समावेश आहे. १९५६ ची सीमारेषा तिने मानलेली नाही. म्हणजे आपल्यालाही कोणीतरी खालच्या अंगाला आहे, आणि आपण कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. वाहत्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाची स्थिती अशीच असते. आपल्यापर्यंत जे निर्मळ आले, ते निर्मळ ठेवूनच पुढे जाऊ द्यावे, आणि आपले वापरलेले मागे फिरू देऊ नये, इतका साधा हा धर्म आहे.

गेली शंभर वर्षे या संस्थेने आपल्याला पुस्तक सांभाळून वापरायला आणि वेळेवर परत करायला शिकविले. पानाचा कोपरा दुमडू नये, कारण आपल्यानंतर ते कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव तिने दिली. तीच जाणीव अंगणातल्या तोटीपर्यंत पोहोचावी. आज घरी गेल्यावर सभासदांनी आपल्या नळाची रबरी नळी कोठे पडली आहे, तेवढे पाहावे. ती पाण्यात असेल तर उचलून खुंटीवर टांगावी. शताब्दीच्या निमित्ताने एवढे एक काम प्रत्येक घरी झाले, तरी हे व्याख्यान सत्कारणी लागले असे मी समजेन.